सीट पुढे ओढणारा

१ मार्च, रविवार

हंसा गेली.

सकाळी गॅरेजवाला आला. बॉनेट उघडून आत डोकावला, जिभेने च्‌ च्‌ केलं आणि तिला घेऊन गेला. कोपऱ्यावर वळताना तिचा मागचा लाल दिवा लागला. एकच. दुसरा बरेच दिवस लागत नव्हता. जाताना एका डोळ्याने रडली, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, वायर तुटली होती, किती वेळा सांगितलं.

हिने माझ्या गाडीला कधी हंसा म्हटलं नाही. 'सवत' म्हणायची. आज म्हणाली, सवत नांदून गेली एकदाची, आणि खिडक्या उघडायला लागली.

निर्णय सर्वस्वी माझा. मुलगी सहा महिने मागे लागली होती की बाबा, गाडी महिन्यातून दोनदा काढता आणि रोज पुसता, त्यापेक्षा शेअरिंगची वापरा. जावईबापू म्हणत होते, लीजवर घ्या, तीन वर्षं वापरा, परत करा. दोघांच्या रस्सीखेचीत मी शांत राहिलो. काल मुलीने माझ्या फोनमध्ये शेअरिंगचं ॲप टाकलं, त्यानंतर मी माझा निर्णय घेतला.

संकल्प: मालकीचा मोह संपला. शाळेत आमचे मास्तर कविता शिकवताना म्हणायचे, झाड पाखराच्या नावावर नसतं, म्हणूनच पाखरू गातं. आजपासून मी पाखरू.

हंसाचं फक्त एक ठेवून घेतलं. स्टिअरिंगचं लोखंडी कुलूप. त्यावर मी माझं नाव कोरून घेतलं होतं. निव्वळ आठवण म्हणून.

२ मार्च

मुलीने लायसन्सचा फोटो काढला. आई, तुझंही आण, कुटुंबाचं खातं केलं की सोयीचं पडतं, म्हणाली. हिने आपलं लायसन्स कपाटातून आणलं. लग्नाआधी काढलेलं, दर खेपेला नेमाने रिन्यू केलेलं. कशासाठी, देव जाणे. हंसाच्या चाकाला तिने कधी हात लावला नाही. (मी लावू दिला नाही, असं तिचं म्हणणं. क्लच नाजूक होता.)

असो. फोटो तरी छान आलाय तिचा.

खिडकीखालची हंसाची जागा फार रिकामी दिसते. कोणी भलतीच गाडी लावेल, म्हणून तिथे एक खुर्ची ठेवली.

५ मार्च, गुरुवार

पहिली सफर. नोंद तपशिलात करतो.

अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात आहेत. दर गुरुवारी अकरा वाजता व्यायामाची बाई त्यांना उभं करून चालवते. आणि अक्कांचा हट्ट असा की धाकटी बहीण समोर उभी असेल तरच पाऊल टाकणार. नाहीतर पलंगाचा कठडा धरून बसणार. तिथले डॉक्टर हिला स्पष्ट म्हणालेत: एप्रिलअखेर चालायला लागल्या तर घरी न्या, नाहीतर कायमच्या इथेच. हिला रात्री झोप नाही. मी शब्द दिला, दर गुरुवारी मी नेईन. मी असताना काळजी कसली?

ग्रंथालयामागच्या आवारात कंपनीच्या चार गाड्या उभ्या असतात. फोन दाखवला की दार उघडतं. मी राखाडी निवडली. तिच्या डोळ्यांत हंसाची थोडी छटा आहे.

बसलो, पट्टा लावला, बटण दाबलं, आणि गाडी चालू होण्याची वाट पाहिली. काही आवाज नाही. पुन्हा दाबलं. आवाज नाही. हंसा सकाळी उठताना खोकायची, थरथरायची, मग लयीत यायची. ही मुकी. शेजारून आवाज आला, चालू आहे बहुतेक. मी म्हणालो, माझं आयुष्य गाड्यांत गेलं. (नोकरी नकाशा खात्यात, पण बसायचो गाडीतच.) मग कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, काका, गाडी पहिल्यापासून चालूच होती, मग तुम्ही बंद केलीत, मग चालू केलीत, मग बंद.

आवारातून निघायची तयारी झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग निघालोच नाही.

अक्का आज चालल्या नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

आज निघालो तर वेळेवर. गाडीतली बाई 'पुढे डावीकडे वळा' वगैरे सांगायला लागली, तिला मी बंद केलं. ज्याने या मुलखाच्या रेषा स्वतःच्या हाताने शाईत ओढल्या, त्याला रस्ता सांगणारी ही कोण?

मधल्या काळात रस्ते बदललेत, हे मला कुणीतरी कळवायला हवं होतं. आम्ही एका सिमेंटच्या गोदामापाशी पोचलो. तिथल्या रखवालदाराने उलटं पाठवलं. उलटं गेलो तर पुन्हा तेच गोदाम, दुसऱ्या बाजूने. रखवालदार आता ओळखीचं हसला. मी परिस्थितीला साजेशी एक कविता म्हटली, सातवीत पाठ केलेली, नदी वाट शोधते अशी. ही बोटांवर काहीतरी मोजत होती. मी कविता म्हणायला लागलो की ही मात्रा मोजते. आयुष्यभर गणित शिकवलं ना. कवितेचा गाभा हिला कळत नाही, हिशेब तेवढा कळतो.

परत येताना खिडकीबाहेर बघत होती. निसर्गात रमली असावी.

घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या गुरुवारी माझी मी जाईन. मी म्हटलं, बसने? ती म्हणाली, जाईन कशीही.

बिचारी. माझ्यावरचा भार हलका करायला बघते.

१९ मार्च, गुरुवार

ही गेली. कॅनव्हासचे बूट घालून. बसमध्ये उभं राहावं लागतं, त्याची तयारी. दुपारी जेवायला परत हजर. अक्का पलंगापासून खिडकीपर्यंत चालल्या म्हणे. हिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग बघितला.

बससेवा कमालीची सुधारलेली दिसते.

मी दुपारभर हंसाच्या जागी खुर्चीत बसलो होतो. तोंड रस्त्याकडे करून. डॉक्टर (शेजारचे, दातांचे) जाताना म्हणाले, कुठे निघालात? फाजील माणूस.

२१ मार्च

अस्वस्थ. सकाळपासून ॲप उघडून राखाडी जागेवर आहे का बघतो. आहे. पुन्हा बघतो. आहे. दहा वाजता नाही. साडेदहाला आली. कोण घेऊन गेलं? मला काय करायचंय? मी पाखरू आहे.

अकराला जाऊन बघून आलो. आहे.

चारला बुक केली, नुसती एक चक्कर. दार उघडून बसलो तर गुडघे थेट चाकावर आपटले. कुणीतरी सीट पार पुढे ओढून ठेवलेली. आरसाही खाली वाकवलेला, त्यात मला माझी हनुवटी दिसत होती. गाडीत लवंगेचा वास. म्हणजे खोकलेकरी माणूस, बुटका. चार्जिंगची वायर मात्र व्यवस्थित गुंडाळलेली.

त्याचं नाव मी बुटका ठेवलं.

सीट मागे घेता घेता बुकिंग संपलं.

२४ मार्च

गाडीच्या पडद्यावर 'पुढच्या सभासदासाठी निरोप' अशी सोय आहे. लोक तिथे 'काच धुवा' असलं काहीतरी लिहितात. मी बुटक्याला काव्यात खडसावलं:

माझ्या जागी कोण बैसती?
गुडघे माझे चाकास भिडती!

सौम्य पण धारदार. लिहून झाल्यावर बराच वेळ गाडीतच बसलो, स्वतःवरच खूश होऊन. भाड्याचं मोजमाप मिनिटावर आहे हे विसरलो.

घरी हिला दोन्ही ओळी म्हणून दाखवाव्यात असं वाटलं. पण ती नेहमीप्रमाणे बोटं पुढे करेल, म्हणून गप्प बसलो.

२६ मार्च, गुरुवार

आज हिला सरप्राइज द्यायचं ठरवलं होतं. राखाडी घेऊन दारात उभं राहायचं, हॉर्न वाजवायचा. ॲप उघडलं तर गुरुवार सकाळ आधीच बुक. बाकीच्या तिन्हीही गेलेल्या.

हिला बसनेच जावं लागलं. अक्का आज दारापर्यंत चालल्या.

२७ मार्च

बुटक्याचं उत्तर आलंय:

'दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त. "चाकास" नको, "चाका" करा. सीटखालचा दांडा ओढला की सीट मागे जाते.'

मी मोजून बघितली. पुन्हा मोजली.

बुटका सुशिक्षित आहे. बहुधा निवृत्त शिक्षक. काटेकोर, रुक्ष, घरच्यांना त्रास देणारा. त्याच्या बायकोची कीव आली.

३१ मार्च

डॉक्टरांनी लीजवर नवी कोरी गाडी आणली. पांढरी शुभ्र, दाढेसारखी. सकाळपासून तिच्याभोवती फिरतायत. मला म्हणाले, मालकीचा ताप नाही आणि गाडी मात्र आपली.

मनात काहूर. जेवण झाल्यावर उगाच पाय मोकळे करायला निघालो आणि पाय त्या शोरूमकडे गेले. विक्रेता फार गोड बोलला. वर्षाला किलोमीटर ठरलेले, त्यापुढे दंड. परत करताना प्रत्येक चरा मोजणार. मी विचारलं, तिला नाव ठेवता येईल का? तो म्हणाला, सर, ठेवा ना, फक्त स्टिकर लावू नका. मग वय विचारलं. मग माझ्या चष्म्याकडे बघत डोळ्यांचा दाखला लागेल म्हणाला.

घरी आलो. निरोपाची तारीख ठरवून केलेली मैत्री मला नको. शेअरिंगच बरं. त्यात कुणी कुणाचं नाही.

(डॉक्टर दवाखान्यात पायी गेले. चऱ्याच्या भीतीने गाडीवर आच्छादन घातलंय.)

४ एप्रिल

राखाडीत थोडी घरगुती सुधारणा केली. पाठीला उशी. आरशाला हंसाचा जुना गोंडा. पुढच्या फळीवर कागदाची पट्टी: 'हळू चालव रे, वाट तुझीच आहे.' माझीच ओळ. मात्रा मोजून घेतल्या.

दुपारी कंपनीतल्या मुलीचा फोन. काका, गाडीत वस्तू ठेवायच्या नसतात. मी म्हटलं, वस्तू नाहीत त्या, वातावरण आहे. ती म्हणाली, वातावरण घरी घेऊन जा.

मी काढणार नाही.

६ एप्रिल

उशी, गोंडा, पट्टी, सगळं एका पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवलेलं. घडी करून. बुटक्याचं काम. निरोप: 'उशी उन्हात टाका, वास येतोय.'

उद्धट. पण घडी सुरेख घालतो.

७ एप्रिल

विचार केला, माणसासारखं बोलून बघावं. लिहिलं: 'महोदय, माझी मेव्हणी डोंगरापलीकडे शुश्रूषागृहात आहे. माझी पत्नी तिला चालवायला दर गुरुवारी बसने, उभ्याने जाते. वय झालंय तिचं. गुरुवार मला सोडलात तर मी तिला नेईन. उपकार होतील.'

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच शैलीमुळे.

९ एप्रिल, गुरुवार

बुटक्याने आजचा गुरुवारही सोडला नाही. दुपारी जाऊन बघितलं, तर निरोप:

'तिला कसं जायचंय, हे तिला विचारलंत का?'

म्हणजे काय? सरप्राइज विचारून देतात का? आणि बायकोच्या मनातलं मला कळत नाही, असं हा परका मनुष्य सुचवतो? मी तिच्या खोकल्यावरून तिचा मूड ओळखतो. सध्या चांगला आहे. सारखी लवंग चघळत असते आणि गुणगुणते.

अक्का जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या.

१५ एप्रिल, बुधवार

पुरे झालं. उपाय सापडला.

संध्याकाळी राखाडी तासाभरासाठी घेतली, परत आणली, चार्जिंग लावलं. आणि हंसाचं लोखंडी कुलूप चाकावर चढवलं. खट्ट. तो आवाज! कितीतरी दिवसांनी छातीत काहीतरी जागेवर बसलं.

योजना अशी: सकाळी बुटका येणार, कुलूप बघणार, चडफडत दुसरी गाडी घेऊन जाणार. मग मी कुलूप काढणार आणि हॉर्न वाजवत दारात. यात कुणाचं नुकसान नाही.

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळ

ही लवकर निघाली. तिची पाठ वळताच मी कुलपाची किल्ली शोधायला लागलो.

किल्ली हंसाच्या जुडग्यात होती. जुडगा गॅरेजवाल्याकडे.

त्याच दिवशी, दुपार

गॅरेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून गेलो. (बसमध्ये बसायला जागा मिळाली. दर फेरीला असं नसणार.)

हंसा तिथे नव्हती, आणि होतीही. तिची दारं एका निळ्या गाडीला बसवलेली. सीटा एका टेम्पोत. मी बघत उभा राहिलो तर गॅरेजवाला हात पुसत आला. साहेब, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला, सगळीकडे थोडी थोडी चालतेय ती.

तिचा तो एकटा लाल दिवा एका स्कूलबसला लागला होता. मी त्याला ब्रेक दाबून दाखवायला सांगितलं. त्याने दाबला. लागला.

किल्ली खिळ्यावर अडकवलेली होती. घेऊन धावत आवारात आलो, तर कंपनीचा मिस्त्री लोखंडी करवतीचा भुसा झाडत होता. कुलपाचे दोन तुकडे. मी अनोळखी माणसासारखा पुढे निघून गेलो. खिशात किल्ली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ही खोलीत पडून आहे. मुलीशी फोनवर बोलताना ऐकलं: गाडी... दुसरीही मिळाली नाही... पोचलेच नाही... अक्का कठडा धरून बसली, तिकडे व्यायामाची बाई वाट बघून गेली.

म्हणजे बस चुकली. डोळे सुजलेत तिचे. माझं रक्त उसळलं. गाड्यांच्या वेळा पाळायला काय होतं या लोकांना? बस खात्याला कडक पत्र लिहायला घेतलं. मायना झाला. मग का कोण जाणे, पुढे सुचेना.

१७ एप्रिल

कंपनीतल्या मुलीचा फोन. काका, गाडीला कुलूप तुम्ही घातलंत का? मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, त्याच्यावर तुमचं नाव आहे. मी म्हटलं, या नावाचे बरेच असतील. ती म्हणाली, पत्ता पण आहे.

माझं सभासदत्व स्थगित. खात्याच्या मुख्य सभासदाने परवानगी दिली तरच पुन्हा सुरू. मुख्य सभासद म्हणजे मुलगीच असणार. तिला कळता कामा नये. आणि हिला तर मुळीच नाही. या वयात तिला धक्का सोसायचा नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

ही गेली. मी दारापर्यंत सोडायला गेलो. बस वेळेवर आहे ना, म्हटलं. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. असेल, म्हणाली.

दुपारी आली ती हसतच. अक्का चालल्या. जिना चढल्या, उतरल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी घरी न्या. मुक्काम आमच्याकडेच, पाय पक्का होईपर्यंत.

आनंदाच्या भरात मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, गाडी मी आणतो. अक्कांना मी आणणार. शब्द आहे माझा.

ही म्हणाली, बरं.

नुसतं बरं. किती विश्वास आहे तिचा.

२५ एप्रिल

झोप नाही. एका बाजूवर पडलो की गाडी नाही आठवतं, दुसऱ्या बाजूवर पडलो की शब्द दिलाय आठवतं. उताणं झोपलं की दोन्ही.

२७ एप्रिल

पुन्हा लीजच्या शोरूममध्ये. गाडी गुरुवारी हवी म्हटलं. विक्रेता म्हणाला, सर, दाखला आणा, मग सहा आठवडे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरची ओळ मी खणखणीत म्हटली, खालच्या अंदाजाने यमक जुळवून म्हटल्या. ते म्हणाले, आधी मोतीबिंदू काढू.

डॉक्टरांना (दातांचे) त्यांची गाडी मागितली. ते म्हणाले, जीव मागा. मग म्हणाले, जीवही लीजवरच आहे म्हणा. आणि एकटेच हसत बसले.

टॅक्सी करता येईल. पण टॅक्सी आणणं म्हणजे गाडी आणणं नव्हे.

२९ एप्रिल

एकच मार्ग उरला. बुटका.

गुरुवारी सकाळी तो राखाडी न्यायला येणारच. मी आवारात उभा राहणार. पुरुषाने पुरुषाशी बोलावं तसं बोलणार. म्हणणार: कुलूप माझं होतं. माझी चूक झाली. पण आज एक बाई पुन्हा आपल्या पायांनी चालत घरी यायच्या आहेत, त्यांच्यासाठी गाडी द्या. वाटलं तर तुम्ही चालवा, मी शेजारी बसेन.

हे शेवटचं वाक्य लिहिताना हात अडला. पण लिहिलं.

हिला सांगितलं, उद्या मी आधी पुढे जातो, तू तयार राहा. ही बूट पुसत होती. बरं म्हणाली.

३० एप्रिल, गुरुवार. सकाळी

(आवारातल्या बाकावर बसून लिहितोय.) राखाडी समोर उभी. बुटका अजून नाही. ग्रंथालयाची झाडूवाली दोनदा विचारून गेली, कुणाची वाट बघताय? एका सद्गृहस्थाची, म्हटलं.

फाटकाशी कुणीतरी येतंय. ऊन डोळ्यांवर आहे, नीट दिसत नाही. ठेंगणी आकृती. तोच.

त्याच दिवशी, दुपारनंतर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ही होती. हातात पर्स, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या शेजारून पुढे गेली, फोन काढला, राखाडीला दाखवला. राखाडी उघडली.

मी म्हणालो, तू इथे कशी? मी एका माणसाची वाट बघतोय.

"कोणाची?"

मी म्हणालो, बुटका म्हणून आहे एक. सीट पुढे ओढून ठेवतो.

तिने आधी आपल्या बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आलाय," ती म्हणाली. "बसा. पट्टा लावा."

मी बसलो. शेजारी. ती चालकाच्या जागेवर बसली आणि सीट तिला अशी बसली की जणू तिच्याच मापाने शिवलेली. बटण दाबलं आणि लगेच निघाली. आवाज येण्याची वाट बघितली नाही.

रस्ता सांगणारी बाई तिनेही बंदच ठेवली. तिला लागत नाही. सिमेंटचं गोदाम कुठे आलंच नाही. डोंगराच्या वळणांवर मी दोन-तीनदा पायाने ब्रेक दाबला. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. तिने फक्त लवंग पुढे केली. मी घेतली.

अर्ध्या वाटेत म्हटलं, क्लच नाजूक होता गं तेव्हा. ती म्हणाली, हो, आणि वळण घेतलं. फार छान घेतलं.

अक्का दारात उभ्या होत्या. वॉकर धरून, पण उभ्या. हिला बघून वॉकर सोडला आणि चार पावलं तशाच चालत आल्या. दोघी बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी सामान उचललं. उपयोगी काहीतरी करावं म्हणून.

पाय लांब ठेवायचा म्हणून अक्का पुढे. मी मागे. मांडीवर वॉकर.

गाडी निघाल्यावर अक्का मागे वळून म्हणाल्या, "काय हो कविराज, त्या गुरुवारी चाकाला कुलूप घालणारा तो गाढव सापडला का?"

आरशात हिचे डोळे दिसले. आरसा खाली वाकवलेला, त्यामुळे फक्त डोळे.

"नाही अजून," ही म्हणाली. "शोधतायत."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. लोक म्हणतील, निसर्गात रमलाय.

१ मे

मुलगी येऊन गेली. अर्थात तिला पहिल्यापासून ठाऊक. जावईबापूंना ठाऊक. कंपनीतल्या मुलीला ठाऊक. खात्याची मुख्य सभासद हीच. ॲपमध्ये 'कुटुंब' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की कोण कधी गाडी घेऊन गेलं, सगळं दिसतं. मी ते कधी दाबलं नाही. आपल्या कुटुंबाचं मला ठाऊक असतं म्हणून.

मुलीने विचारलं, आई, बाबांना परत घ्यायचं का खात्यावर? ही म्हणाली, बघते.

बघते!

कपाटात कुलपाचे दोन तुकडे सापडले, पेपरात गुंडाळलेले. तिनेच आणून ठेवले असणार. मी त्यांच्याशेजारी किल्ली ठेवली.

६ मे

सभासदत्व परत मिळालं. अट: आधी मोतीबिंदू. तोवर शेजारची सीट.

संकल्प: ऑपरेशननंतर नव्या दृष्टीने सुरुवात. दर गुरुवार माझा. दीर्घ काव्याची कल्पना सुचली आहे, चाकांवर. पहिल्या ओळीत अडलोय.

८ मे

राखाडी आवारात आहे का, ॲपमध्ये बघितलं. आहे. नुसता जाऊन बसलो, शेजारी. ती सीट पार मागे घेतलेली. पाय सरळ पसरले. पडद्यावर निरोप:

'आता पुरतील पाय. "चाका" केलंत की नाही?'

केलं.

१० मे, रविवार

अक्कांना सकाळचं ऊन हवं असतं. हंसाच्या जागेवर खिडकीखाली ऊन चांगलं येतं, म्हणून ही त्यांना माझ्या खुर्चीत बसवते. सकाळी अक्का, दुपारी मी, संध्याकाळी पुन्हा अक्का. मुलगी म्हणाली, अहो बाबा, हे तर शेअरिंगच झालं. पाखरू उत्तर देत नाही.

दुपारी माझ्या वेळेला खाली गेलो. अक्कांनी खुर्ची पार रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे ओढून ठेवलेली.

इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं.

मागे घेतली, आणि बसलो.